पुनर्बांधणीची साक्ष : संगणकीय संहितेच्या पडताळणीचा पाठचिकित्सेच्या अंगाने विचार

१. मुद्रा आणि पडताळा

भिलाईच्या पोलाद कारखान्यात लाटलेल्या रेल्वे रुळाच्या उभ्या अंगावर काही अक्षरे व अंक उठावाने उमटविलेले असतात. रुळाचा छेद, पोलादाची प्रत, कारखान्याची खूण, निर्मितीचा महिना व साल यांची नोंद त्यांत असते. पोलादाच्या ज्या घाण्यातून, कारखान्याच्या भाषेत ज्या 'हीट'मधून, तो रूळ निघाला तिचा क्रमांकही रूळ तप्त असतानाच त्यावर ठोकला जातो. १९५५ च्या भारत-सोविएत कराराने हा कारखाना उभा राहिला व १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेथून निघालेला एखादा रूळ अनेक वर्षांनी दूरच्या एखाद्या घाटात तडकला, तर त्यावरील क्रमांकाच्या आधारे त्याच्या उगमापर्यंत मागे जाता येते.

ही मुद्रा एका प्रश्नाचे उत्तर देते. 'वस्तू कोठून आली?' हा तो प्रश्न होय. 'वस्तूच्या आत काय आहे?' या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नसते. त्यासाठी त्या घाण्याचा नमुना घेऊन त्याचे रासायनिक पृथक्करण करावे लागते. आणि दल्ली-राजहऱ्याचे तेच लोहखनिज, तोच कोळसा व तीच कृती घेऊन दुसरा घाणा केला, तरी निघणारे पोलाद पहिल्याशी तंतोतंत एकरूप होत नाही. कार्बनचे व मँगॅनीजचे प्रमाण ठरीव मर्यादांच्या आत राहिले म्हणजे काम भागते.

संगणकावर चालणारी आज्ञावली हीही एक निर्मित वस्तूच होय. परंतु एका बाबतीत ती पोलादाहून व हस्तलिखिताहूनही भिन्न आहे. ती पुन्हा बांधून पाहता येते, आणि कृती नीट बेतलेली असेल तर दुसरी निर्मिती पहिलीशी शेवटच्या अंकापर्यंत एकरूप होऊ शकते. या शक्यतेवर आधारलेल्या पडताळणीस 'पुनरुत्पादनक्षम बांधणी' असे म्हणता येईल. तिची रीत, तिच्या निष्कर्षांचे मोल आणि तिच्या मर्यादा यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पाठचिकित्सेशी परिचित असलेल्या वाचकाला या विषयातील मूळ प्रश्न अनोळखी वाटणार नाहीत.

२. मूळसंहिता आणि यंत्रसंहिता

आज्ञावली दोन रूपांत वावरते. माणूस जी लिहितो व वाचतो ती मूळसंहिता. यंत्र जी चालविते ती यंत्रसंहिता. पहिलीतून दुसरी घडविण्याचे काम 'कंपायलर' नावाची आणखी एक आज्ञावली करते, आणि या घडविण्याच्या प्रक्रियेस बांधणी म्हणतात. बहुसंख्य वापरकर्ते बांधणी स्वतः करीत नाहीत. कोणी तरी बांधून ठेवलेली यंत्रसंहिता ते उतरवून घेतात. मूळसंहिता सर्वांना वाचण्यास खुली असली, तरी प्रत्यक्ष चालणारी वस्तू त्या मूळसंहितेतूनच निघाली आहे याची ग्वाही मात्र बांधणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहते.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने हीच अडचण अन्य रूपात अनुभवलेली आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली 'ज्ञानेश्वरी'ची एक संहिता प्रसिद्ध केली. ती एकनाथपूर्व काळातील प्राचीन हस्तलिखितावर आधारलेली असल्याचे त्यांनी सांगितले. तिच्या भाषारूपाने अनेक अभ्यासक प्रभावित झाले, तर कित्येकांनी तिच्या प्राचीनत्वाविषयी शंका घेतली. परंतु मूळ पोथी पुढे अभ्यासकांच्या तपासणीस उपलब्ध राहिली नाही आणि वादाचा निर्णय करण्याचे साधनच हातातून गेले. संपादकाची विद्वत्ता व सचोटी कितीही निर्विवाद असो, मुद्रित संहितेपासून मूळ पोथीकडे जाण्याची वाट बंद झाली की उरते ती केवळ श्रद्धा अथवा अश्रद्धा.

संगणकाच्या क्षेत्रात ही वाट बंद असल्याचे परिणाम २०२० च्या डिसेंबरात जगापुढे आले. सोलरविंड्स या अमेरिकन कंपनीच्या 'ओरायन' नावाच्या आज्ञावलीत परकीय हस्तकांनी घातक भर घातल्याचे त्या वेळी उघडकीस आले. ही भर कंपनीच्या मूळसंहितेच्या भांडारात नव्हती. बांधणी चालू असताना, नेमक्या त्या क्षणी, एक फाइल बदलली जात होती. बांधून झालेल्या वस्तूवर कंपनीची खरीखुरी अंकीय स्वाक्षरी होती. सुमारे १८,००० पर्यंत ग्राहकांकडे ती पोचली. स्वाक्षरी तपासणाऱ्या प्रत्येकाला ती अस्सलच आढळली असती, कारण मुद्रा अस्सलच होती. मुद्रेने कारखाना कोणता ते सांगितले. घाण्यात काय मिसळले गेले ते तिला ठाऊक नव्हते.

३. एकच कृती, भिन्न फळ

एकाच मूळसंहितेपासून दोन ठिकाणी बांधणी केली तर एकच यंत्रसंहिता निघावी, असे प्रथमदर्शनी वाटते. व्यवहारात तसे घडत नाही, आणि त्याची कारणे बहुधा क्षुल्लक असतात. बांधणीची वेळ व तारीख वस्तूत नोंदविली जाते. बांधणी ज्या कप्प्यात झाली त्याचे नाव आत राहून जाते. फाइलींची यादी एका यंत्रावर एका क्रमाने येते, दुसऱ्यावर दुसऱ्या. अनेक कामे एकाच वेळी चालविली तर ती कोणत्या क्रमाने संपतील याचा नेम नसतो.

यांतील क्रमाचा प्रश्न भाषाभ्यासकाला विशेष जवळचा आहे. मराठी वर्णमालेत 'ळ', 'क्ष' आणि 'ज्ञ' ही अक्षरे शेवटी येतात. हिंदी कोशात मात्र 'क्ष' हा 'क'च्या पोटात व 'ज्ञ' हा 'ज'च्या पोटात शोधावा लागतो. म्हणून शब्दसूची लावणाऱ्या यंत्रावर कोणत्या भाषेचे संकेत निवडलेले आहेत यावर सूचीचा क्रम ठरतो. एकाच शब्दसंग्रहापासून भिलाईच्या हिंदी वातावरणातील यंत्रावर एक सूची निघेल आणि पुण्याच्या यंत्रावर दुसरी. दोन्हींत एकही शब्द कमीजास्त नसेल, तरीही त्या दोन फाइली एकरूप असणार नाहीत.

या कारणांचे निरसन करण्यासाठी २०१३ पासून डेबियन प्रकल्पातील कार्यकर्त्यांनी व पुढे इतर अनेकांनी चिकाटीने प्रयत्न केले. चालू वेळेऐवजी मूळसंहितेशी निगडित अशी एक ठरीव वेळ बांधणीस पुरविण्याचा संकेत २०१५ मध्ये रूढ करण्यात आला. फाइलींचा क्रम निश्चित केला गेला, भाषासंकेत ठरवून दिले गेले, बांधणीच्या कप्प्याचे नाव एकच ठेवण्याची व्यवस्था झाली. हस्तलिखितांच्या भाषेत सांगावयाचे तर लेखकूची पुष्पिका, नकलेची तिथी आणि पानांची मांडणी वगळून केवळ संहिता तुलनेसाठी पुढे ठेवण्याचा हा उद्योग होता.

४. पडताळणीची रीत

ही पडताळणी प्रत्यक्षात कशी करतात ते 'गीक्स' या पॅकेज मॅनेजरच्या आधारे पाहू गेल्यास विषय स्पष्ट होतो. पॅकेज मॅनेजर म्हणजे यंत्रावरील आज्ञावल्या आणणे, बांधणे, लावणे व काढणे हे काम पाहणारी व्यवस्थापक आज्ञावली. लुदोविक कूर्तेस यांनी २०१२ साली आरंभिलेल्या गीक्समागील कल्पना एल्को डोल्स्ट्रा यांच्या उट्रेख्ट विद्यापीठातील २००६ च्या प्रबंधातून आलेली आहे. बांधणी ही गणितातील फलनासारखी मानावी आणि तिच्यात शिरणारी प्रत्येक गोष्ट आधी जाहीर करावी, असा त्या कल्पनेचा सारांश होय.

गीक्समध्ये प्रत्येक वस्तू एका ठरीव भांडारात ठेवली जाते आणि तिच्या नावाआधी अक्षरांची व अंकांची एक लांब मालिका असते. ही मालिका त्या वस्तूच्या घटकांवरून काढलेली असते. मूळसंहिता कोणती, कंपायलर कोणता, बांधणीची कृती कोणती, आणि त्या कंपायलरचे स्वतःचे घटक कोणते, अशी सारी वंशावळ तिच्यात आटवलेली असते. घटकांत एका अक्षराचा फरक पडला तरी नाव पालटते. म्हणून दोन भिन्न यंत्रांवर एकाच नावाची वस्तू आढळली तर दोहोंचा दावा एकाच वंशावळीचा आहे, एवढे निश्चित होते. दावा खरा आहे की नाही ते वस्तूच्या अंतरंगावरून ठरवावयाचे.

अंतरंगाची तुलना 'हॅश'च्या साहाय्याने होते. कोणत्याही लांबीच्या मजकुरावरून ठरीव लांबीचा एक अंक काढण्याची ही गणिती रीत होय. मजकुरातील एक बिंदू जरी बदलला तरी हॅश संपूर्ण बदलतो, आणि एकच हॅश देणारे दोन भिन्न मजकूर जाणूनबुजून रचणे आजच्या प्रचलित रीतींत व्यवहारतः अशक्य मानले जाते. वेदपाठाच्या परंपरेत पद, क्रम, जटा आणि घन या पाठपद्धतींनी शब्दांची फिरवाफिरव करून चूक पकडण्याची योजना होती. हॅशची जात वेगळी असली तरी प्रयोजन त्याच कुळातील आहे.

प्रत्यक्ष कृती दोन टप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्यात अभ्यासक आपल्या यंत्रावर ती वस्तू स्वतः बांधतो. त्यासाठी 'गीक्स बिल्ड' ही आज्ञा असून, तयार वस्तू उतरवून न घेण्याची सूचना तिला देता येते. वस्तू आधीच यंत्रावर असल्यास त्याच आज्ञेचा 'चेक' हा पर्याय ती पुन्हा बांधतो आणि जुन्या-नव्या रूपांची तुलना करतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्वरेने पोचाव्यात म्हणून बांधून झालेल्या वस्तूवर नंतर 'कलम' करण्याची एक सोय गीक्समध्ये आहे. तुलना मूळ बांधणीची व्हावयाची असल्याने हे कलम टाळण्याचा पर्यायही सोबत जोडतात.

दुसऱ्या टप्प्यात 'गीक्स चॅलेंज' ही आज्ञा दिली जाते. २०१५ मध्ये सिद्ध झालेल्या या आज्ञेचे नावच आव्हान असे आहे. तिला वस्तूचे नाव आणि तयार वस्तू पुरविणाऱ्या सार्वजनिक भांडारांचे पत्ते द्यावयाचे. ती त्या भांडारांना वस्तूचा हॅश विचारते, स्थानिक बांधणीच्या हॅशशी तो ताडून पाहते आणि तीन प्रकारचे निष्कर्ष देते. 'एकरूप' म्हणजे सर्व साक्षी जुळल्या. 'भिन्न' म्हणजे त्यांत विसंगती आढळली. 'अनिर्णीत' म्हणजे तुलनेस पुरेशा साक्षीच मिळाल्या नाहीत. विसंगती आढळल्यास आज्ञा भिन्न असलेल्या फाइलींची नावे सांगते, आणि 'डिफोस्कोप' नावाच्या उपकरणाची जोड दिल्यास त्या फाइलींच्या आत शिरून नेमका फरक ओळीओळीने मांडते.

या तीन निष्कर्षांतील तिसरा सर्वांत शिकवणारा आहे. एखाद्या काव्याची एकच पोथी उपलब्ध असेल तर तिचा पाठ शुद्ध की भ्रष्ट, हे तुलनेने सांगता येत नाही. 'दोष आढळला नाही' आणि 'दोष शोधण्यास साधन नाही' या दोन विधानांत महदंतर आहे. अनेक तपासणी-अहवाल ते बुजवून टाकतात. येथे ते अंतर निष्कर्षाच्या रचनेतच राखलेले आहे.

५. भिन्नतेचा अर्थ

'भिन्न' असा निष्कर्ष निघाला म्हणजे कोणी कपट केले, असे मानणे घाईचे ठरेल. बहुतेक वेळा खोलवर पाहिल्यास एखादी तारीख, एखादा कप्पा, एखाद्या यादीचा क्रम एवढाच फरक निघतो. पाठचिकित्सक ज्याप्रमाणे लेखनप्रमाद आणि हेतुपुरस्सर प्रक्षेप यांत विवेक करतो, त्याचप्रमाणे येथेही करावा लागतो. मात्र क्षुल्लक फरकही दूर करण्याचा आग्रह का धरावयाचा, याला सबळ कारण आहे. निरुपद्रवी भिन्नतांची गर्दी असेल तर उपद्रवी भिन्नता तीत सहज लपते. तारखेच्या हजार फरकांत एक प्रक्षेप कोणाच्याही नजरेस पडणार नाही. तेच सारे फरक नाहीसे केले म्हणजे उरलेला एकुलता फरक स्वतःच बोलू लागतो.

महानुभावांच्या परंपरेत भिन्नतेची कदर करण्याची एक लक्षणीय रीत आढळते. म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि शिष्यांनी स्मरणाच्या आधारे तो ग्रंथ पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. स्मरणे निरनिराळी असल्याने पाठ निरनिराळे झाले. पुढील काळातील संहितांत हे पाठभेद 'वासना' या नावाने, ते ज्याच्या स्मरणातले त्याच्या नावासह, नोंदविले गेले. हारपलेल्या ग्रंथाच्या पुनर्बांधणीत साक्षीदारांची भिन्नता झाकून न टाकता ती नावानिशी जपणे, ही चिकित्सक बुद्धीची खूण होय. कोणत्या भांडाराने कोणता हॅश सांगितला याची वेगवेगळी ओळ देणारा यंत्राचा अहवाल त्याच वृत्तीचा आहे.

६. साक्षींची संख्या आणि साक्षींचे स्वातंत्र्य

या विषयाचा गाभा येथे येतो. तुलनेत किती साक्षी जुळल्या, यापेक्षा त्या एकमेकींपासून किती स्वतंत्र होत्या, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले व १९६६ साली ते पूर्ण केले. या कार्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या वि. सी. सुखठणकरांनी या पसाऱ्यात जो विवेक केला, तो मतगणनेचा नव्हता. देवनागरी पोथ्या संख्येने विपुल होत्या, परंतु त्या परस्परांत मिसळलेल्या असल्याने त्यांचे एकमत फारसे काही सिद्ध करीत नव्हते. याउलट काश्मीरची शारदा परंपरा आणि केरळची मल्याळम परंपरा यांच्यात भौगोलिक अंतर मोठे व परस्परसंपर्क कमी होता. त्या दोन्ही परंपरा एखाद्या पाठावर जुळल्या तर तो पाठ दोहोंच्या फाट्यापूर्वीचा असण्याची शक्यता बळावत होती. एका पोथीवरून केलेल्या शंभर नकला म्हणजे एकच साक्ष, हे त्यामागील सूत्र आहे.

हे सूत्र यंत्रसंहितेला जसेच्या तसे लागू पडते. एखादी वस्तू ज्या भांडारातून उतरवून घेतली त्याच भांडाराच्या हॅशशी ताडून पाहिली, तर ती जुळणारच. ही तुलना नकलेची मूळ पोथीशी केलेली तुलना आहे. तिच्याने वाहतुकीतील बिघाड कळेल, बांधणीतील कपट कळणार नाही. म्हणूनच 'चॅलेंज' ही आज्ञा यंत्रावर स्वतः बांधलेली वस्तू आणि उतरवून घेतलेली वस्तू यांत भेद करते आणि स्थानिक बांधणी नसल्यास तसे स्पष्ट सांगते. गीक्स प्रकल्पाने तयार वस्तू पुरविण्यासाठी परस्परांपासून अलग बांधणी करणाऱ्या दोन व्यवस्था राखल्या, त्याचेही मर्म हेच होय. एकीने दुसरीच्या वस्तू केवळ उतरवून ठेवल्या असत्या, तर भांडारे दोन दिसली असती व साक्ष एकच उरली असती.

स्वातंत्र्याच्या या प्रश्नाला आणखी एक खोल पायरी आहे. केन टॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात ती दाखवून दिली. कंपायलरच्या यंत्रसंहितेत अशी लबाडी पेरता येते की तो विशिष्ट आज्ञावली बांधताना तीत गुप्त भर घालील, आणि कंपायलरचीच नवी आवृत्ती बांधताना ही लबाडी तीतही उतरवील. यानंतर मूळसंहितेतून लबाडीचा मागमूस पुसून टाकला तरी ती पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते. पोथ्यांच्या जगात याला समांतर असा लेखकू सापडतो. एखादी प्रक्षिप्त ओवी त्याला मुखोद्गत असते. समोरच्या पोथीत ती नसली तरी त्याच्या लेखणीतून ती उतरते, आणि त्याच्यापाशी शिकलेला पुढचा लेखकूही तीच भर घालीत जातो. अशा परिस्थितीत दोन ठिकाणी एकाच दूषित कंपायलरने बांधणी केली तर दोन्ही फळे अक्षरशः जुळतील आणि दोन्ही दूषित असतील.

यावर दोन उपाय पुढे आले. डेव्हिड व्हीलर यांनी २००९ च्या प्रबंधात एक रीत मांडली. संशयित कंपायलरची मूळसंहिता दुसऱ्या स्वतंत्र वंशाच्या कंपायलरने बांधावी, त्या फळाने तीच मूळसंहिता पुन्हा बांधावी, आणि अखेरचे फळ संशयिताशी ताडावे. दोन भिन्न कुळांच्या साक्षी घेण्याचाच हा प्रकार आहे. दुसरा उपाय वंशावळीच्या मुळाशी जाण्याचा. गीक्स प्रकल्पाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या योजनेनुसार कंपायलरांची सारी साखळी केवळ ३५७ बाइट लांबीच्या एका बीजापासून पायरीपायरीने उभी करता येते. एवढे बीज माणसाला हाताने तपासता येण्याजोगे आहे. तथापि ही साखळी चालविण्यासाठी 'गाइल' या भाषेचा एक तयार दुभाषी लागतोच, ही मर्यादा प्रकल्पाने स्वतः सांगितलेली आहे. आदिप्रतीचा शोध येथेही पूर्णत्वास गेलेला नाही. तो पूर्वीपेक्षा पुष्कळ मागे नेता आला, एवढे मात्र खरे.

७. पडताळणी काय सांगत नाही

२०२४ च्या मार्चअखेर 'एक्सझेड' या फाइली आटविण्याच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत चोरवाट ठेवलेली आढळली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा अनपेक्षित विलंब जाणवला, आणि त्या धाग्याने तो मुळाशी पोचला. प्रकल्पात दीर्घकाळ काम करून विश्वास संपादन केलेल्या व्यक्तीनेच ही भर घातली होती. तिचा काही भाग चाचणीच्या निरुपद्रवी भासणाऱ्या फाइलींत दडविलेला होता. तो कार्यान्वित करणारा भाग मात्र वितरणाच्या गठ्ठ्यात होता, सार्वजनिक भांडारातील मूळसंहितेत नव्हता.

अशा प्रसंगी पुनर्बांधणीने काय साधले असते? तोच गठ्ठा घेऊन दहा जणांनी बांधणी केली असती तर दहाही फळे जुळली असती आणि दहाही दूषित निघाली असती. प्रक्षेप बांधणीत नव्हता, ज्याला मूळ मानले त्यातच होता. तो पकडण्यासाठी गठ्ठा आणि सार्वजनिक भांडार यांची तुलना हवी होती, म्हणजे 'मूळ' कोणते याचाच विचार एक पायरी मागे न्यावयास हवा होता. पुनर्बांधणीचे विधान नात्याविषयीचे असते. 'ही यंत्रसंहिता या मूळसंहितेतून निघाली' एवढेच ती सांगते. मूळसंहिता सद्हेतूची आहे, निर्दोष आहे, असे ती म्हणत नाही. सुखठणकरांनीही आपल्या संहितेविषयी असा संयम पाळला होता. सिद्ध केलेली संहिता ही उपलब्ध साधनांनी गाठता येणारी प्राचीनतम अवस्था होय, व्यासांचा आद्य ग्रंथ नव्हे, ही मर्यादा त्यांनी १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेतच स्पष्ट केली. निष्कर्षाची सीमा जाणणे हे दोन्ही शास्त्रांत निष्कर्ष काढण्याइतकेच आवश्यक आहे.

८. भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकांपुढील कर्तव्य

हा विषय संगणकतज्ज्ञांवर सोडून देता येण्याजोगा राहिलेला नाही. आज पाठभेदांची जुळणी, शब्दसूची, छंदांची मोजणी, कर्तृत्वनिर्णयासाठी शैलीची गणना ही कामे यंत्रावर केली जातात. त्यांचे निष्कर्ष प्रबंधांत उद्धृत होतात. परंतु निष्कर्ष देणाऱ्या आज्ञावलीचे नेमके रूप कोणते होते, तिने अक्षरांचा क्रम कोणता मानला, अनुस्वार व परसवर्ण यांना एक गणले की दोन, याची नोंद क्वचितच केली जाते. काही वर्षांनी तीच गणना दुसऱ्याने केली आणि आकडे निराळे आले, तर फरक पोथीतला की यंत्रातला, हे सांगण्याचे साधन उरत नाही. राजवाडे प्रतीच्या बाबतीत जे दैवाने घडले, ते येथे निष्काळजीपणाने घडेल.

हे टाळण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक दिसतात. पहिली, संहितेबरोबर तिच्यावर काम करणाऱ्या आज्ञावलीची मूळसंहिताही प्रसिद्ध व्हावी व दीर्घकालीन संग्रहात ठेवली जावी. फ्रान्समधील इन्रिया संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केलेला 'सॉफ्टवेअर हेरिटेज' हा असा एक संग्रह आहे. मूळ स्थळी संहिता नाहीशी झाल्यास गीक्स तेथून ती आणू शकते. दुसरी, बांधणीची संपूर्ण कृती, सर्व घटकांच्या नेमक्या आवृत्तींसह, जोडली जावी. गीक्सच्या 'टाइम मशीन' या आज्ञेने जुन्या तारखेची समग्र व्यवस्था पुन्हा उभी करता येते, परंतु त्यासाठी कोणत्या अवस्थेकडे परतावयाचे याची नोंद आधी झालेली असली पाहिजे. तिसरी, प्रकाशनापूर्वी निदान एका अन्य संस्थेने, आपल्या यंत्रावर, आपल्या हाताने ती बांधणी करून पाहावी आणि तिचा निष्कर्ष, मग तो 'अनिर्णीत' का असेना, छापला जावा.

या तिसऱ्या गोष्टीत एक सामाजिक आशय आहे. छत्तीसगडचा मुलूख अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला, आणि १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातून चाले. या प्रदेशाशी मराठीचे नाते असे जुने आहे. तरीही येथील मराठीच्या अभ्यासकाला पोथीसाठी पुणे, मुंबई किंवा पैठण गाठावे लागे, आणि तेथील संपादकाने पाठ कसा वाचला यावर विसंबावे लागे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणास 'ज्ञानेश्वरी' शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत भर घालू नये असे बजावले. त्या बजावणीचा आधार त्यांचा अधिकार हा होता. अधिकारी पुरुषाच्या शब्दाने संहितेचे रक्षण होते, पण त्याच्यामागे तो शब्द तपासून पाहण्याची सोय सामान्य वाचकाला नसते.

पुनर्बांधणीची रीत ती सोय देते. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या भिलाईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील विद्यार्थी किंवा तेथील एखादा एकाकी भाषाभ्यासक साध्या यंत्रावर पुण्याच्या संस्थेची बांधणी पुन्हा करू शकतो. त्याचा हॅश जुळला तर पुण्याच्या निष्कर्षाला एक स्वतंत्र साक्ष मिळते. न जुळला तर पुण्याला उत्तर द्यावे लागते. साक्ष देणाऱ्याची पदवी, संस्था वा प्रांत येथे विचारला जात नाही, त्याने स्वतः बांधून पाहिले की नाही एवढेच विचारले जाते. केंद्रापासून दूर असणे ही आजवर अभ्यासातील उणीव मानली गेली. शारदा आणि मल्याळम पोथ्यांच्या दाखल्यावरून दिसते त्याप्रमाणे, साक्षीच्या बाबतीत तेच अंतर बळ ठरते.